उष्णतेचा हमाल

डिसेंबरची सकाळ आठवा. शाळेला उशीर होत असतो आणि न्हाणीघरातले पाणी इतके गार असते की पहिला तांब्या अंगावर घ्यायला मन धजत नाही. मग घरातली मोठी माणसे पाणी तापवायच्या मागे लागतात. कोणाच्या घरी चुलीवर हंडा चढतो, कोणाच्या घरी गॅसवर पातेले. पूर्वी वाड्यांतून आणि चाळींतून तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या नळीत कोळसे, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या घालायच्या आणि भोवतालचे पाणी तापू द्यायचे. बंबाच्या धुराने डोळे चुरचुरत, घर काळे होई. पण पाणी मात्र कढत मिळे. पुढे पाण्यात बुडवायची विजेची कांडी आली, मग गिझर आला. बटण दाबले की काम झाले.

चूल, बंब, कांडी, गिझर ही साधने दिसायला किती वेगळी! पण एका बाबतीत ती सगळी सारखी आहेत. ती उष्णता तयार करतात. चुलीत लाकूड जळते, शेगडीत गॅस जळतो, गिझरमध्ये वीज तारेतून जाते आणि तार तापते. जितकी उष्णता पाण्याला हवी तितकी कशातून तरी नव्याने निर्माण करावी लागते, आणि तितके पैसे मोजावे लागतात.

आता एक वेगळे यंत्र पाहू. ते उष्णता तयार करण्याच्या भानगडीत फारसे पडत नाही. भोवतालच्या हवेत जी उष्णता आधीच आहे ती ते उचलते आणि पाण्यात नेऊन टाकते. या यंत्राला उष्णता-पंप म्हणतात. इंग्रजीतून आलेले 'हीट पंप' हे नावही सर्रास वापरले जाते. इमारतीच्या तळाशी असलेल्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप तुम्ही पाहिला असेल. तो पाणी तयार करत नाही, खालचे वर नेतो. उष्णता-पंपही तसाच. मला तर तो हमालासारखा वाटतो. 'हमाल' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. हमाल गव्हाचे पोते गोदामातून दुकानात नेतो. गहू पिकवत नाही. म्हणून त्याची मजुरी गव्हाच्या किमतीच्या मानाने थोडी असते.

तुम्ही म्हणाल, सकाळच्या गारठ्यात हवेत कसली आली उष्णता? तीच तर नाही म्हणून आपण कुडकुडतो! हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, फ्रीजच्या मागे सापडले.

मी तेव्हा सातवीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मालेगावला मामूंच्या घरी गेलो होतो. मालेगावचा मे महिना म्हणजे काय ते तिथल्या मुलांना सांगायला नको. त्यातच मामूंनी नवा फ्रीज घेतला होता. एके दुपारी मोठी माणसे झोपली असताना आम्हां मुलांना युक्ती सुचली. खोलीची दारे-खिडक्या घट्ट लावायच्या आणि फ्रीजचे दार सताड उघडे ठेवायचे. खोली थंडगार होईल! आम्ही फ्रीजपुढे ओळीने मांडी घालून बसलो. पहिली पाच मिनिटे मोठी मजेत गेली. पायांवर गार हवा येत होती. मग हळूहळू ती मजा संपली. फ्रीजची घरघर थांबेना. बर्फ वितळून फरशीवर पाणी आले. अर्ध्या-पाऊण तासाने आम्ही सगळे घामाघूम झालो होतो. तेवढ्यात मुमानींना जाग आली.

त्यांनी काय काय सुनावले ते इथे लिहीत नाही. मामू मात्र हसले. त्यांनी माझा हात धरून फ्रीजच्या मागे नेला आणि विचारले, "इथं कसं लागतंय?"

तिथे लोखंडी जाळीसारखी नागमोडी नळी होती. ती चांगलीच तापली होती. अलीकडच्या फ्रीजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेली असते. म्हणून तो पत्रा हाताला कोमट लागतो.

"फ्रीज थंडी बनवत नाही," मामू म्हणाले. "आतली गरमी काढून मागं फेकतो. तुम्ही दार उघडं ठेवलंत. आता तो बिचारा खोलीतलीच गरमी उचलतो आणि परत खोलीतच टाकतो. वरून स्वतःच्या मेहनतीची गरमी वेगळीच!"

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. फ्रीज चालवायला जी वीज लागते तिचीही अखेर उष्णताच होते आणि तीही खोलीतच राहते. म्हणून खोली गार होण्याऐवजी उलट तापली.

आता विचार करा. फ्रीजमधल्या भाजीपासून, दुधापासून, पाण्याच्या बाटल्यांपासून उष्णता काढून घेता येते. त्या वस्तू तर खोलीपेक्षा गार असतात! म्हणजे गार वस्तूतही उष्णता असते. आपण सोयीसाठी बर्फाच्या तापमानाला शून्य अंश म्हणतो, पण तिथे उष्णता संपत नाही. ज्याहून खाली तापमान जाऊच शकत नाही तो बिंदू शून्याच्या खाली सुमारे २७३ अंश सेल्सिअसवर आहे. त्या हिशेबाने आपली पंधरा अंशांची गारठलेली सकाळदेखील बऱ्यापैकी उबदारच म्हणायची! हवेत उष्णता भरपूर आहे. अडचण एवढीच, की ती आपल्या बादलीत आपणहून येत नाही. उष्णता आपणहून नेहमी गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. चहा खोलीला उष्णता देतो आणि निवतो. खोलीतली उष्णता गोळा होऊन निवलेला चहा पुन्हा गरम झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. पाणी उताराकडे धावते तसेच हे आहे. उलट्या दिशेने न्यायचे तर पंप हवा.

हा पंप चालतो कसा? त्यासाठी तीन-चार साध्या अनुभवांची आठवण ठेवावी लागेल.

डॉक्टर इंजेक्शन देण्यापूर्वी दंडाला स्पिरिटचा बोळा लावतात. तेवढा भाग एकदम गार पडतो. स्पिरिट उडून जाते, म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आपल्या कातडीतून घेते. माठातले पाणीही याच कारणाने गार राहते. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत घेऊन जाते. द्रवाची वाफ होण्याला बाष्पीभवन म्हणतात. बाष्पीभवनाला उष्णता लागते, हा पहिला अनुभव.

दुसरा याच्या उलट. वाफेचे पुन्हा पाणी झाले की घेतलेली उष्णता परत मिळते. पातेल्यावरच्या ताटलीला वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि ताटली बघता बघता पोळण्याइतकी तापते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो तो यामुळेच. वाफ कातडीवर पाणी होते आणि आपल्याजवळची सारी साठवण तिथेच सोडते.

तिसरा अनुभव स्वयंपाकघरातला. पाणी शंभर अंशांना उकळते असे आपण पाठ करतो, पण ते नेहमीच्या हवेच्या दाबाला. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणून डाळ लवकर शिजते. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो. तिथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही. थोडक्यात, द्रव किती अंशांना उकळायचा हे आपण दाब कमीजास्त करून ठरवू शकतो. उष्णता-पंपाची सारी करामत या एका गोष्टीत आहे. हे कळले की बाकीचे सोपे.

चौथा अनुभव सायकलवाल्यांना माहीत असेल. चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते. वायू दाबला की तो तापतो.

आता यंत्राकडे वळू. त्याच्या नळ्यांत एक खास पदार्थ बंद करून ठेवलेला असतो. त्याला शीतक म्हणतात. पाणी इथे उपयोगाचे नाही, कारण त्याला सहज उकळवायला फार उष्णतेची हवा लागेल. शीतक असा निवडतात की तो गारठ्यातही उकळावा. 'आर १३४ ए' नावाचा एक शीतक पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. साध्या हवेच्या दाबाला तो शून्याखाली २६ अंशांनाच उकळतो! तो उघड्या भांड्यात ओतला तर आपल्या हिवाळ्यातही बघता बघता उकळून उडून जाईल.

यंत्रात त्याला साधारण चार वातावरणांच्या दाबाखाली एका नागमोडी नळीतून फिरवतात. या दाबाला तो नऊ-दहा अंशांना उकळतो. नळीवरून पंख्याने बाहेरची हवा सोडतात. समजा, हवा वीस-पंचवीस अंशांची आहे. आपल्याला ती सुखाची वाटते, पण दहा अंशांना उकळणाऱ्या द्रवाच्या दृष्टीने ती तव्यासारखी गरम आहे. हवेतली उष्णता आपणहून नळीत शिरते, शीतक उकळतो आणि त्याची वाफ होते. हमालाने पोते पाठीवर घेतले.

मग ही वाफ काँप्रेसरमध्ये जाते. फ्रीजच्या तळाशी काळा डबा असतो ना, तोच. काँप्रेसर वाफेला दाबतो, दाब सतरा वातावरणांच्या आसपास नेतो. सायकलच्या पंपासारखी ती वाफ कडकडीत तापते. वीज लागते ती मुख्यतः इथे. पोते वर चढवण्याची मेहनत ती हीच.

पुढे ही गरम वाफ पाण्याच्या टाकीभोवती गुंडाळलेल्या नळीत येते. आता दाब मोठा आहे; म्हणून या वाफेचा पुन्हा द्रव होतो तो साठ अंशांच्या आसपास. टाकीतले पाणी त्याहून गार आहे. वाफ आपली उष्णता पाण्याला देते आणि स्वतः द्रव होते. पोते उतरले. पाणी पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापते. अंघोळीला आपण त्यात गार पाणी मिसळतोच. उरलेला द्रव एका बारीक वाटेने सोडला की त्याचा दाब एकदम उतरतो, तो गार पडतो आणि रिकामा हमाल दुसरे पोते आणायला परत निघतो. ही फेरी अखंड चालू राहते.

तुम्ही ओळखले असेल की हा सारा खेळ फ्रीजचाच आहे. फ्रीजमध्ये आपल्याला आतली थंडी हवी असते आणि मागची उष्णता आपण वाया जाऊ देतो. उष्णता-पंपात आपल्याला ती मागची उष्णताच हवी असते, आणि थंडी वाया जाते. त्याच्या पंख्यातून बाहेर पडणारी हवा गार असते. गार सरबताच्या पेल्यावर बाहेरून दव जमते तसे त्याच्या नळीवर हवेतले बाष्प जमते आणि थेंब थेंब पाणी गळत राहते. यंत्र बिघडले असे समजून घाबरायचे कारण नाही.

आता हिशेब करू. एका बादलीत २० लीटर पाणी धरा. ते २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे आहे. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे २० गुणिले २०, चारशे किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटपासून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. तेव्हा गिझरला एका बादलीसाठी अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागेल. घरात पाच माणसे असतील तर रोज सुमारे २.३ युनिट आणि तीस दिवसांचे ७० युनिट झाले.

चांगला उष्णता-पंप आपल्याकडच्या हवेत विजेच्या एका भागासोबत हवेतून उष्णतेचे सुमारे दोन भाग उचलतो. पाण्याला तीन भाग मिळतात, पैसे एका भागाचे द्यावे लागतात. सत्तरच्या जागी तेवीस-चोवीस युनिट. टाकीतून थोडी उष्णता निसटते, तेव्हा प्रत्यक्षात आकडा जरा वर जाईल. तुमच्या घरचे वीजबिल घ्या, त्यावरचा युनिटचा दर पाहा आणि महिन्याला किती रुपये वाचतील ते स्वतः काढा.

एकाचे तीन होतात हे ऐकून कोणी म्हणेल, ही तर जादू झाली! शून्यातून ऊर्जा आली कुठून? शून्यातून काहीच आले नाही. दोन भाग हवेचे आहेत. हवा तेवढी गार होऊन बाहेर पडली. आणि हवेला ती उष्णता सूर्याने दिलेली आहे.

मजुरीचा मात्र एक नियम आहे. पोते पहिल्या मजल्यावर न्यायचे तर हमाल एक भाव सांगतो, पाचव्या मजल्यावर न्यायचे तर दुसरा. उष्णतेचेही तसेच. हवा आणि पाणी यांच्या तापमानातले अंतर जितके मोठे, तितकी वीज जास्त. बाहेर बर्फ पडत असताना पाणी कढत करायचे तर एकाचे तीन होत नाहीत, दोन-अडीच होतात. नळीवर जमलेला बर्फही मधून मधून वितळवावा लागतो. मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या ठिकाणी हिवाळ्यातही हवा पुरेशी उबदार असते. हे यंत्र आपल्या हवेत बर्फाळ देशांतल्यापेक्षा सुखाने चालते. तरी त्याचा प्रसार आधी थंड देशांत झाला, ही गंमतच आहे.

मुळात ही कल्पना पावणेदोनशे वर्षांची होत आली. ग्लासगो विद्यापीठात विल्यम थॉमसन नावाचे प्राध्यापक होते. पुढे ते लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले आणि तापमानाच्या एका एककाला त्यांचे नाव मिळाले. त्यांनी १८५२ साली दाखवून दिले की, ज्या यंत्राने इमारत गार करता येते त्याच यंत्राने ती गरमही करता येईल, आणि त्यासाठी इंधन थेट जाळण्यापेक्षा कितीतरी कमी खर्च येईल. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पण त्या काळी ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता. जाळायला कोळसा असताना अशा नाजूक यंत्राची उठाठेव कोण करणार?

ज्यांच्याकडे कोळसा नव्हता त्यांनी ती केली. स्वित्झर्लंडमध्ये कोळशाच्या खाणी नाहीत, पण डोंगरातल्या पाण्यावर तयार होणारी वीज आहे. झुरिक शहरात लिमात नदीच्या पात्रातच उभारलेली जुनी नगरसभेची इमारत आहे. तिच्यात १९३८ साली एक उष्णता-पंप बसवला. ऐन हिवाळ्यात बोटे बधिर करणाऱ्या नदीच्या पाण्यातून तो उष्णता उचलत असे आणि वरची दालने उबदार ठेवत असे. साठ वर्षांहून अधिक काळ त्याने हे काम केले.

घरच्या अंघोळीच्या पाण्यासाठी मात्र जपानची गोष्ट सांगायला हवी. जपानी घरांत संध्याकाळच्या स्नानाला मोठे महत्त्व आहे. आधी बाहेर अंग स्वच्छ धुऊन घ्यायचे आणि मग गळ्यापर्यंत कढत पाण्याने भरलेल्या टबात शांत बसून राहायचे. घरातली माणसे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. एवढे पाणी रोज तापवायचे म्हणजे खर्च आलाच. आणि जपानला तेल, वायू, कोळसा जवळजवळ सगळाच परदेशातून आणावा लागतो. २००१ साली तिथे घरगुती पाण्यासाठी नवा उष्णता-पंप बाजारात आला. त्याचे नाव 'इको क्यूट'. जपानी भाषेत गरम पाणी पुरवण्याला 'क्यूतो' म्हणतात. त्यावरून हे गोड नाव जुळवले. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून माणसाहून उंच टाकी आणि शेजारी पंख्याची पेटी, असे त्याचे रूप असते. टाकीत साधारण चारशे लीटर पाणी मावते. रात्री विजेचा दर कमी असे, तेव्हा यंत्र पाणी तापवून ठेवी. आता ज्यांच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत त्यांच्यापैकी काही जण ते दिवसा चालवतात. २०२० पर्यंत साठ लाखांहून अधिक इको क्यूट जपानमध्ये विकले गेले होते.

या यंत्रातला शीतक कोणता असेल? कार्बन डायऑक्साइड! ज्या वायूला आपण पृथ्वी तापवणारा म्हणून दोष देतो तोच इथे नळीत बंद होऊन कामाला लागतो. त्यामागे कारण आहे. पूर्वीचे शीतक हवेत निसटले तर वातावरणातील ओझोनच्या थराला इजा करत. म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ते हळूहळू बंद केले गेले. त्यांच्या जागी आलेला आर १३४ ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तो पृथ्वीला तापवू शकतो. आता तोही कमी करण्याचे जगाने २०१६ साली ठरवले आहे. नॉर्वेचे प्राध्यापक गुस्ताव लोरेन्ट्सेन यांनी विस्मरणात गेलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शीतक म्हणून पुढे आणला. तो वापरायचा तर दाब सुमारे शंभर वातावरणांचा लागतो, नळ्या फार मजबूत कराव्या लागतात. पण पाणी थेट नव्वद अंशांपर्यंत तापते.

एवढे सगळे चांगले आहे, तर घरोघरी उष्णता-पंप का दिसत नाहीत? दोष लपवण्यात अर्थ नाही. हे यंत्र साध्या गिझरच्या कितीतरी पट महाग आहे. त्याला जागा लागते आणि मोकळी हवा लागते. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बादलीभर पाणी देतो. हा हमाल सावकाश काम करतो, म्हणून मोठी टाकी आधीपासून तापवून ठेवावी लागते. काँप्रेसर आणि पंखा यांचा आवाज होतो. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने हे यंत्र ठेवायचे कुठे? आणि दोन माणसांच्या घरात, वर्षातले तीन महिने, दोन बादल्या पाण्यासाठी ते घेणे म्हणजे दोन किलो कांदे आणायला ट्रक भाड्याने करणे होय. तिथे गिझर किंवा छपरावर जागा असेल तर सौरबंब बरा.

तरी गिझरच्या बाजूने बोलताना एक गोष्ट विसरू नये. आपली पुष्कळशी वीज अजून कोळशापासून येते. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग विजेच्या रूपाने हाती लागतो आणि बाकीचा धुराड्यातून व गार करण्याच्या पाण्यातून निघून जातो. ती वीज शेकडो किलोमीटर तारांतून आपल्या घरी येते, आणि आपण गिझर लावून तिची पुन्हा उष्णता करतो! तीन पोती कोळसा जाळून एका पोत्याच्या ऊबेचे पाणी घेतल्यासारखे हे आहे. उष्णता-पंप गमावलेले ते दोन भाग हवेतून भरून काढतो. म्हणून हा प्रश्न एका घराच्या बिलापुरता राहत नाही.

जिथे माणसे पुष्कळ आणि गरम पाणी रोज लागते, तिथे हे यंत्र खरोखर शोभते. वसतिगृहे, रुग्णालये, हॉटेले यांतून ते आपल्याकडेही बसवले जात आहे. शंभर मुलांच्या वसतिगृहाचा हिशेब पाहा. प्रत्येकी एक बादली म्हणजे २००० लीटर. मघाच्याच तापमानांनी गिझरला रोज सुमारे ४६ युनिट लागतील, उष्णता-पंपाला पंधरा-सोळा. एका दिवसात तीस युनिट वाचले. इतकी बचत झाली की यंत्राची जास्तीची किंमत काही वर्षांत भरून निघते, आणि पहाटे लाकडे फोडून भट्टी पेटवणाऱ्या माणसाचे डोळेही वाचतात.

जागा निवडण्यातही हुशारी आहे. काही ठिकाणी यंत्राची हवा घेण्याची बाजू मोठ्या स्वयंपाकघराकडे ठेवतात. तिथे भट्ट्यांमुळे हवा नेहमीच तापलेली. यंत्राला गरम हवा मिळाली की त्याची मजुरी उतरते, आणि त्याच्या पंख्यातून निघणारी गार हवा परत त्याच स्वयंपाकघरात सोडली की सकाळपासून शंभर जणांच्या पोळ्या भाजत उभ्या असलेल्या बायकांना जरा वारा लागतो. मालेगावच्या त्या दुपारी आम्ही फ्रीजकडून जे मागत होतो ते इथे मिळते, कारण उचललेली उष्णता त्याच खोलीत न पडता भिंतीपलीकडच्या टाकीत जाते.